‘झाळणे’ : एका क्रियापदाची नोंद
पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जुने लॅपटॉप हौसेने दुरुस्त करू लागलेला नवशिका प्रथम ‘सोल्डर करणे’ हा प्रयोग उचलतो. वस्तुतः कथील-शिशाच्या रसाने धातूचे सांधे जोडण्यास मराठीत ‘झाळणे’ हे क्रियापद होतेच. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत ते आढळते. शिवकाळी राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी मूळचा फारसी ‘दुरुस्त’ मराठीत मुरलाच. तेव्हा परकीय शब्द आले, ही तक्रार नव्हे. घरचा शब्द नकळत गेला, ही खंत. प्रस्तुत लेखकाने गतवर्षी चार्जिंगच्या खोबणीचा सांधा स्वतः जोडला, तो निखळला. गल्लीतील एका वृद्ध कारागिराने तो पाहून म्हटले, “नीट झाळलं नाही तुम्ही.” त्याच्या हाताखालच्या मुलाने विचारले, “म्हणजे काय?”