लॉगिन करताच टीव्ही मालिकेची बातमी? उबुंटूचा ‘एमओटीडी’ वाद काय होता?

जून २०१७ मध्ये उबुंटू सर्व्हर सांभाळणाऱ्यांना लॉगिन करताच एक वेगळीच ओळ दिसली. एचबीओच्या ‘सिलिकॉन व्हॅली’ या विनोदी मालिकेतलं ‘नॉट हॉटडॉग’ ॲप उबुंटूवर कसं बनलं, हे सांगणारी, सोबत लेखाची लिंक. कामाच्या सर्व्हरवर ही जाहिरात कशाला, अशी तक्रार थेट उबुंटूच्या बग नोंदींमध्ये दाखल झाली.

एमओटीडी म्हणजे ‘मेसेज ऑफ द डे’. ही पद्धत युनिक्सची. एकाच कॉम्प्युटरवर अनेक जण काम करायचे, तेव्हा सिस्टम ॲडमिन तिथे सूचना लिहायचा: आज संध्याकाळी मशीन बंद राहील, डिस्क भरत आली आहे वगैरे. सोसायटीच्या जिन्यातला नोटीस बोर्डच म्हणा ना. त्यावर लिहिण्याचा हक्क सोसायटीचा, बिल्डरचा नाही. आक्षेपाचं मूळ इथे आहे.

उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने २०१७ मध्ये या बोर्डावर स्वतःसाठी जागा केली. ‘मोटडी-न्यूज’ ही छोटी स्क्रिप्ट कंपनीच्या सर्व्हरवरून मजकूर आणते आणि लॉगिनच्या वेळी दाखवते. सुरक्षेची तातडीची सूचना अशी पटकन पोहोचवता येते, हा बचाव अगदीच पोकळ नाही. पण त्याच जागी मालिकेची लिंक आली की खऱ्या इशाऱ्याकडेही लोक काणाडोळा करू लागतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मजकूर मागताना ही स्क्रिप्ट उबुंटूची आवृत्ती, कर्नल, प्रोसेसर आणि मशीन किती वेळ सुरू आहे, ही माहितीही पाठवते. आयपी ॲड्रेस तर कळतोच. आणि हे सगळं न विचारता, आधीपासून सुरू. १६.०४ या जुन्या आवृत्तीत तर ते अपडेटमधून आलं.

संशयाला इतिहासही होता. २०१२ मध्ये उबुंटू १२.१० च्या डेस्कटॉप सर्चमध्ये ॲमेझॉनवरच्या वस्तू दिसू लागल्या, तेव्हा रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला ‘स्पायवेअर’ म्हटलं होतं. १६.०४ पासून ते आपोआप सुरू राहणं थांबलं.

मोटडी-न्यूज बंद करणं सोपं आहे. ‘इटीसी’मधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल असते. तिथे ‘एनेबल्ड’समोरच्या १ चा ० करायचा. नंतर ही सेटिंग वेगळ्या पॅकेजमध्ये गेली, ते सर्व्हरसोबत येतं. तिथे मात्र ० अजूनही ॲडमिनलाच लिहावा लागतो.