शिक्षक-प्रशिक्षकांचा व्यावसायिक विकास (आंबेगाव तालुका, पुणे जिल्हा)

शिक्षक घडवणाऱ्यांचे आणि सेवेतील शिक्षकांना शिकवणाऱ्यांचे स्वतःचे शिक्षण, त्यांची पात्रता, बढतीच्या वाटा आणि कामातून होणारी वाढ यांचा विचार या नोंदीत केला आहे. बी.एड. महाविद्यालयातील प्राध्यापक, डी.एड.च्या (आता डी.एल.एड.) अध्यापक विद्यालयातील अध्यापकाचार्य, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील (डाएट) अधिव्याख्याते, गटसाधन केंद्रातील विषयतज्ज्ञ आणि केंद्रप्रमुख हे सर्व या वर्गात मोडतात. काम एकाच जातीचे असले तरी त्यांच्या सेवाशर्ती, वेतन आणि शिकण्याच्या संधी वेगवेगळ्या आहेत. त्यांना एका व्यवसायात बांधणारी व्यवस्था महाराष्ट्रात अजून उभी राहिलेली नाही.

अवसरी बुद्रुक हे आंबेगाव तालुक्यातील मंचरजवळचे गाव. तेथील प्राथमिक शिक्षिकेपर्यंत एखादे सेवांतर्गत प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने उतरत येते. पुण्यात कुमठेकर मार्गावरची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद साहित्य तयार करते आणि निवडक साधनव्यक्तींचा राज्यस्तरीय वर्ग घेते. जिल्ह्याचा वर्ग लोणी काळभोरच्या डाएटकडे असतो, तालुक्याचा घोडेगावच्या यंत्रणेकडे. त्याखाली केंद्राची, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद भरते. लोणी काळभोर सोलापूर रस्त्यावर आणि मंचर नाशिक रस्त्यावर असल्याने दोहोंच्या मध्ये अख्खे पुणे शहर पडते. अधिव्याख्यात्याची वर्गभेट मनात आले आणि झाली, अशी नसते. प्रत्येक पायरीवर मूळ विषयाचा काही भाग गळतो, आणि तो गळू नये म्हणून मधल्या माणसाला विषय मुळापासून कळलेला असावा लागतो. या मधल्या माणसाला मिळते ते मात्र सहसा एक घटकसंच, एक सादरीकरण आणि पुढच्या वर्गाची तारीख.

तालुका एकजिनसी नाही. पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात महादेव कोळी वाड्यावस्त्या आणि दोन शिक्षकांच्या शाळा आहेत, तेथे चार इयत्ता दोघांनी सांभाळायच्या. पूर्वेला डिंभे धरणाच्या पाण्यावर बागायत झाली. पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक येथे भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे आणि गळीत हंगामात ऊसतोड मजुरांची मुले या पट्ट्यात येतात. बहुवर्ग अध्यापन आणि हंगामी स्थलांतर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींसाठी एकच घटकसंच वापरणारा प्रशिक्षक एका बाजूला निरुपयोगी ठरतो.

मराठी मुलखात शिक्षक-प्रशिक्षक हा विद्वान असावा, ही अपेक्षा जुनी आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख होते आणि ‘शालापत्रक’ मासिकाचे संपादकही. शिक्षकांना शिकवणे आणि शिक्षकांसाठी लिहिणे हे त्यांच्या लेखी वेगळे उद्योग नव्हते. पुढे मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज (१९०६) आणि पुण्यात टिळक शिक्षण महाविद्यालय (१९४१) निघाले. यांमुळे माध्यमिक शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यापीठीय चौकटीत स्थिरावले, पण प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षण या चौकटीबाहेरच राहिले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) नेमके हेच टिपले : शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठांपासून तुटलेले, शाळांपासून तुटलेले आणि आपापसांतही तुटलेले. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीच्या मौनी विद्यापीठात काम केलेले गृहस्थ होते, त्यामुळे खेड्यातील प्रशिक्षण संस्थेची अवस्था त्यांना ऐकीव नव्हती. पुण्यात १९६४ साली निघालेल्या राज्य शिक्षणशास्त्र संस्थेचे १९८४ मध्ये आजच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत रूपांतर झाले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर देशभर डाएट स्थापन झाली. संस्था वाढल्या, परंतु आयोगाने दाखवलेली फट प्राथमिक स्तरावर तशीच राहिली.

ही फट पात्रतेच्या नियमांत दिसते. अध्यापक विद्यालयात शिकवण्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.-एम.एड. अशी पात्रता मागितली जात आली. या पदव्यांचा रोख मुख्यतः माध्यमिक शाळेकडे असतो. त्यामुळे पहिलीच्या वर्गात एकही वर्ष न काढलेली व्यक्ती पहिलीचे शिक्षक घडवते, हे अपवादाने नव्हे तर नियमानेच घडते. उलट केंद्रप्रमुख बहुधा वर्गात वर्षानुवर्षे घालवून आलेला असतो, पण आपल्या अनुभवाला सिद्धान्ताची जोड देण्याची संधी त्याला मिळालेली नसते. एकाकडे पदवी, दुसऱ्याकडे वर्ग. दोघांना एकमेकांकडून शिकता येईल अशी जागा सेवानियमांत नाही.

या कामाला कोणते वेगळे ज्ञान लागते, हे २०१९ च्या एका वादाने उघड झाले. बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात ‘पंचवीस’बरोबर ‘वीस पाच’ असे संख्यावाचन आले आणि समाजमाध्यमांवर चेष्टेला ऊत आला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना जाहीर खुलासे करावे लागले. कारण साधे होते. मराठीत एकक आधी उच्चारला जातो आणि दशक नंतर, म्हणून ऐकून लिहिणारे मूल पंचवीसचे ५२ करते. पंचवीस म्हणता येणे हे शिक्षकाचे ज्ञान झाले. मूल ५२ का लिहिते हे ओळखणे हे चांगल्या शिक्षकाचे. पण वीस वर्षे ‘पंचवीस’ शिकवत आलेल्या, थोड्या दुखावलेल्या शिक्षकांच्या सभेत हे कारण असे मांडणे, की ते दुसऱ्या दिवशी वहीतल्या चुका नव्या नजरेने पाहतील, हे प्रशिक्षकाचे ज्ञान आहे. ते एम.एड.च्या परीक्षेत येत नाही आणि चांगला शिक्षक असल्याने आपोआपही येत नाही. तो बदल बऱ्याच शिक्षकांना प्रशिक्षणाआधी दूरचित्रवाणी वाहिन्यांवरून कळला, ही या यंत्रणेची खरी नामुष्की म्हणायला हवी.

सराव पाठाच्या टाचण वहीतला शेरा हा या व्यवसायाचा दुसरा आरसा. ‘फलकलेखन सुधारावे’, ‘प्रश्नांचे वितरण सर्वत्र करावे’, ‘आवाज स्पष्ट’ असे शेरे पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले आहेत. ते खोटे नसतात, पण कोणत्याही पाठाला लागू पडतात. मुलांनी काय उत्तरे दिली आणि छात्राध्यापकाने त्यांचे काय केले, याची नोंद क्वचित आढळते. अशी नोंद घ्यायला प्रशिक्षकाला कोणी शिकवलेले नसते. त्याच्या स्वतःच्या वहीवरही तेच शेरे पडलेले असतात.

जीन मरे आणि ट्रेव्हर मेल यांनी २००५ मध्ये इंग्लंडमधील नव्या शिक्षक-प्रशिक्षकांच्या अभ्यासातून दाखवले, की अनुभवी शिक्षकालाही या नव्या भूमिकेत रुळायला दोन ते तीन वर्षे लागतात. इस्रायलमध्ये १९८३ पासून मोफेत ही संस्था शिक्षक-प्रशिक्षकांच्याच वाढीसाठी चालते, तर नेदरलँड्समध्ये त्यांच्या संघटनेने स्वतःची व्यावसायिक मानके ठरवून नोंदणी सुरू केली. महाराष्ट्रात नियुक्तीचा आदेश हाती पडला की माणूस प्रशिक्षक होतो.

बढतीच्या शिडीची दिशाही पाहण्यासारखी आहे. जिल्हा परिषदेतील शिक्षक केंद्रप्रमुख होतो, विस्तार अधिकारी होतो आणि प्रत्येक पायरीला वर्गापासून लांब जातो. हाती माहितीचे तक्ते, पोषण आहाराचे हिशेब आणि ऑनलाइन नोंदी येतात. डाएटचे अधिव्याख्याते महाराष्ट्र शिक्षण सेवेतील राजपत्रित अधिकारी आहेत, पण रिक्त पदे आणि अतिरिक्त कार्यभार ही तेथील कायमची तक्रार आहे. केंद्रप्रमुखाच्या निवडीसाठी आता मर्यादित विभागीय परीक्षेचा मार्ग आहे. परीक्षेने निवड बरी होईल, मात्र निवडीनंतरच्या शिकण्याचा प्रश्न त्यातून सुटत नाही. अनुदानित बी.एड. महाविद्यालयातील प्राध्यापकाला निदान विद्यापीठ अनुदान आयोगाची चौकट आहे : उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग, पीएच.डी., मग पुढची वेतनश्रेणी. त्यातून प्रमाणपत्रांची फाइल फुगते हे खरे, पण शिकण्याला पगारी वेळ मिळतो हेही खरे.

तुलनेचे उदाहरण शेजारीच आहे. अवसरी खुर्द येथे २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे. तंत्रशिक्षणातील अध्यापकांसाठी केंद्र सरकारने १९६५ मध्येच भोपाळला स्वतंत्र प्रशिक्षण संस्था काढली आणि १९७० पासून गुणवत्ता सुधार योजनेखाली त्यांना उच्च शिक्षणासाठी पाठवण्याची सोय केली. यंत्र अभियांत्रिकी शिकवणाऱ्याने पुढे शिकले पाहिजे, हे शासनाला पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी पटले. दुसरीचे गणित शिकवणाऱ्यांना शिकवणाऱ्याबाबत ते तितके तातडीचे वाटले नाही.

चौकटीबाहेर मात्र चांगले काम झाले. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००६ मध्ये नोकरी सांभाळून करता येईल असा प्राथमिक शिक्षणातील एम.ए. अभ्यासक्रम मुंबईत सुरू केला. वर्गाचा अनुभव आणि पदवी यांच्यातली दरी भरून काढणारा महाराष्ट्रातला हा बहुधा सर्वांत गंभीर प्रयत्न. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी वाचन-लेखनाच्या पद्धती आधी वर्गात घडवल्या आणि मग शिक्षकांपुढे मांडल्या. पालघर जिल्ह्यातील सोनाळ्याच्या ‘क्वेस्ट’मध्ये नीलेश निमकर यांनी आदिवासी भागातील अंगणवाडी आणि शाळांच्या कामातून प्रशिक्षणाचा आशय उभा केला. लीलाताई पाटील यांचा प्रवास याहून उलटा आणि बोलका आहे. आयुष्यभर शिक्षक घडवल्यावर त्यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढले आणि आपण सांगत आलेले सारे मुलांसमोर तपासून पाहिले. नोकरीत असताना प्रशिक्षकाला अशी मुभा देणारी तरतूद, म्हणजे वर्षातून काही आठवडे स्वतः शाळेत शिकवण्याची, कोणत्याही पदाच्या कर्तव्यसूचीत घालायला फारसा खर्च येणार नाही.

महाराष्ट्रातील २९१ अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेच्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. जे. एस. वर्मा आयोगाने २०१२ च्या अहवालात शिक्षक-प्रशिक्षकांच्या तयारीवर स्वतंत्र शिफारशी केल्या. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने शिक्षकांना वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास ठरवून दिला. हे तास घेणाऱ्यांसाठी मात्र तासांचा असा आकडा धोरणात नाही. स्वतंत्र प्रशिक्षण संस्थांनी २०३० पर्यंत बहुविद्याशाखीय व्हावे, असेही धोरण सांगते. शिक्षकभरती आटल्यापासून ग्रामीण भागातील अध्यापक विद्यालये एकेक करून बंद पडत आहेत. त्यांतील विनाअनुदानित संस्थांचे अध्यापकाचार्य दुसरी नोकरी शोधतात, अनुदानितांचे अन्य शाळांत समायोजन होते, आणि शिक्षक घडवण्याचा त्यांचा अनुभव कुठेही नोंदला जात नाही.