रहाटामागची माणसे

वसईच्या इतिहासावर लिहिताना आपली लेखणी बहुधा किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरते. १५३४ चा तह, १७३९ चा चिमाजीअप्पांचा विजय, मधल्या दोनशे वर्षांत उभी राहिलेली चर्चे आणि मठ, एवढे सांगून झाले की आपल्याला इतिहास संपल्यासारखा वाटतो. पण किल्ल्यातील फिदाल्गोंच्या ताटात भात कोठून येत होता? मठाच्या बागेला पाणी कोण पाजत होते? आणि ज्या रहाटावर ते पाणी चढत होते, तो रहाट कोणी घडविला होता? हे प्रश्न आम्ही स्वतःलाही फार उशिरा विचारले, याची कबुली प्रथम दिली पाहिजे.

पोर्तुगीजांना वसई हवी होती ती केवळ बंदरासाठी नव्हे. येथील भात, ऊस, बागायत, तुंगारेश्वराच्या बाजूचे इमारती लाकूड आणि काळा दगड या साऱ्यांचे मोल ते जाणून होते. गावे फिदाल्गोंना आणि धर्मसंघांना बांधून दिली गेली. १५५४ मध्ये सिमाँव बोतेल्यू याने पोर्तुगीज मुलखाच्या महसुलाची नोंदवही सिद्ध केली. त्या काळच्या नोंदींत एक मौजेची गोष्ट आढळते. राज्य पोर्तुगालच्या राजाचे असले, तरी धान्य मोजले जाई ते मुड्याने, आणि भाताला त्यांच्याही कागदांत ‘बाते’ असेच म्हटलेले असे. राज्यकर्त्याने माप घेतले ते कुळाचेच! उलट त्यांनी आपल्याला काय दिले, ते आपल्या कामाच्या शब्दांतून कळते. घमेले, बादली, चावी, पगार, लिलाव हे शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आले आणि येथेच रुळले. हे शब्द दरबाराचे नव्हेत. कामाच्या जागेचे, बाजाराचे आहेत.

पाथरवटांचे काम तर वसईच्या सीमेत मावलेच नाही. गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिकेच्या दर्शनी भागावरील कोरीव काम वसईहून नेलेल्या काळ्या दगडाचे आहे. १६०५ मध्ये ते मंदिर प्रभूला अर्पण झाले. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनाला जाणाऱ्या आपल्या यात्रेकरूंनी तेथे क्षणभर थांबून तो दगड फोडणाऱ्या आणि गलबतावर चढविणाऱ्या हातांचेही स्मरण करावे, असे आम्हांला वाटते.

शेतीच्या मुलखात मात्र खरी किमया होती ती रहाटाची. बावखलाच्या किंवा विहिरीच्या काठी एक आडवे चाक असे. बैल किंवा रेडा ते फिरवी. त्याचे लाकडी दाते उभ्या चाकाच्या दात्यांत अडकत, आणि पाण्यावरच्या मोठ्या चाकावरून मातीच्या लोट्यांची माळ वरखाली होई. भरलेले लोटे पन्हळीत रिते होत आणि पाटाने पाणी केळीच्या, उसाच्या, पानवेलीच्या मुळाशी जाई. या एका यंत्रामागे किती घरे उभी होती, ते पाहू. चाके आणि दाते सुताराचे. दाते झिजत, म्हणून सुताराचे येणे-जाणे नित्याचे. आसाला लागणारे लोखंड लोहाराचे. लोटे कुंभाराचे. ते फुटत, म्हणून कुंभाराची भट्टी थंड पडणे कोणालाच परवडणारे नव्हते. माळेचा दोर वळणारे हात आणखी वेगळे. या कारागिरांचे बरेचसे मोल पैशात नव्हे, तर खळ्यावरच्या भातात चुकते होई. म्हणजे पाऊस फसला तर शेतकऱ्याबरोबर सुतारही उपाशी आणि कुंभारही.

यातील एक गोष्ट आम्हांला विशेष मोलाची वाटते. शेतकरी ख्रिस्ती झाला तरी त्याचा सुतार, त्याचा कुंभार, त्याचा बुरूड पुष्कळदा हिंदूच राहिला. तुंगारेश्वराच्या बाजूने लाकूडफाटा आणि बांबू घेऊन येणारा आदिवासी आपल्या दैवतांना मानणारा होता. मासळीचे खत कोळीवाड्यातून येई. देवळे वेगळी झाली, पण रहाट एकच राहिला. धर्मसंवाद हा शब्द आपल्या सेमिनरीत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर रूढ झाला. बावखलाच्या काठी मात्र तो शब्दावाचून कित्येक पिढ्या चालत आला होता. १७३९ मध्ये फिदाल्गो गेले, युरोपीय धर्मगुरू गेले, किल्ल्यातील चर्चांची छपरे कालांतराने कोसळली. देशी धर्मगुरूंनी गावोगावचा श्रद्धेचा दिवा तेवत ठेवला, हे आपण अभिमानाने सांगतो. ज्यांनी रहाट फिरता ठेवून त्या श्रद्धावंतांना जगविले, त्यांचे नाव मात्र घेत नाही.

इंग्रजी अमलात नव्या उद्योगांचे वारे आले. १८३० च्या सुमारास लिंगार्ड नावाच्या इंग्रजाने सरकारच्या साहाय्याने वसईत मॉरिशसच्या उसाची लागवड आरंभिली. परंतु साहेबाच्या नावाची साखर येथे फार काळ पिकली नाही. टिकले ते आपले गुऱ्हाळ. उसाचा चरक, रसाची काहील आणि पाक नेमका केव्हा उतरवायचा हे जाणणारा गुळवा, एवढ्यावर ते चाले. गुळव्याची विद्या कोणत्याही पुस्तकात नव्हती. ती त्याच्या डोळ्यांत आणि बोटांत होती. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करणाऱ्या आगाशीकडील बायाबापड्यांचेही तसेच. केळे किती वाळले म्हणजे मधासारखे होते, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

१८६४ मध्ये आगगाडीचा रस्ता वसईवरून मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत जोडला गेला आणि १८६७ मध्ये विरारहून मुंबईला लोकल गाडी सुरू झाली. तोवर माल मचव्यांतून आणि पडावांतून जाई. आता पाने, फुले, केळी, भाजी पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात पोहोचू लागली. बुरडाच्या टोपल्यांना आणि बैलगाडीवाल्यांना काम वाढले. खाडीवरच्या नावाड्यांचे घटले. आणि मळा व बाजार यांच्यामध्ये एक नवा मनुष्य उभा राहिला. तो म्हणजे दलाल. भाव तो ठरवी, तोल तो करी आणि उचलही तोच देई. त्याच्या जोडीला गावचा सावकार होताच. पीक उभे असतानाच ते गहाण पडलेले असे.

१८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी श्रमिकांच्या हक्कांविषयीचे आपले सुप्रसिद्ध परिपत्रक प्रसिद्ध केले. त्याचा आशय आपल्या मातीत ज्यांनी उतरविला त्यांत मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांचे नाव अग्रभागी आहे. सावकारी पाशातून शेतकऱ्याला सोडविण्यासाठी त्यांनी १९१८ मध्ये सहकारी पतसंस्था स्थापन केली. तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. एका धर्मगुरूने प्रार्थनेबरोबर हिशेबाची वहीही हाती घेतली, ही आपल्या इतिहासातील किल्ल्याइतकीच भक्कम वास्तू आहे.

तरीही सारे चित्र उजळ रंगविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याने आपल्या जातींच्या भिंती धुऊन निघाल्या नाहीत. ज्या कारागिराच्या लोट्याने आपली बाग भिजली, त्याला अंगणाच्या पलीकडे किती घरांनी बोलाविले? लाकूडफाटा आणणाऱ्या आदिवासीला भाराचे रास्त मोल किती वेळा मिळाले? आपला तारणारा सुताराच्या घरी वाढला. त्याच्या अनुयायांनी सुताराला उंबऱ्याबाहेर उभे केले असेल, तर तो दोष पोर्तुगीजांचा नव्हे, इंग्रजांचा नव्हे, आपला आहे.

पुढे तेलाची इंजिने आली, विजेचे पंप आले, रहाट थांबले. आता तर कित्येक बावखले मातीने भरून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या आहेत. किल्ल्याचे दगड सरकारी खाते राखील. रहाट घडविणाऱ्याचे नाव राखणारे खाते कोठेच नाही. म्हणून आमची आमच्या कुटुंबांना एकच विनंती आहे. घरात वडीलधारी माणसे असतील, तर त्यांना विचारा: आपला रहाट कोणत्या सुताराने केला? लोटे कोणत्या गावाहून येत? टोपल्या कोण विणी? मिळतील ती नावे आपल्या पूर्वजांच्या नावांखाली लिहून ठेवा. मृतांच्या दिवशी आपण आपल्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. त्यांतली एक त्या नावांसाठीही लावावी. त्यांच्या ऋणाची परतफेड आपल्या खळ्यावर कधीच पुरती झालेली नाही.