बुशमिल्स : भट्टी एक, पिंपे अनेक

उत्तर आयर्लंडमधील बुशमिल्सच्या बाटलीवर १६०८ हे साल मिरवते. ते त्या परिसराला मिळालेल्या परवान्याचे. कंपनीची नोंद १७८४ची. येथील माल्ट तीनदा ऊर्ध्वपातित होत असल्याने मुळातच हलकी. चवीतला खरा भेद पिंपे घडवतात. १० वर्षांची सिंगल माल्ट प्रामुख्याने बर्बनच्या पिंपांत मुरते, म्हणून मध आणि व्हॅनिलाकडे झुकते. १६ वर्षांचीवर अखेरचा संस्कार पोर्टच्या पिंपांचा, २१ वर्षांचीवर मदेराचा. ब्लॅक बुश ही मिश्र व्हिस्की. बाटलीवर वयाचा उल्लेखही नाही. तरीही ओलोरोसो शेरीच्या पिंपांमुळे तिला मनुकांचा असा भरीव गोडवा येतो, की १० वर्षांची तिच्यापुढे फिकी वाटावी. म्हणूनच तुलना करताना ब्लॅक बुश आधी चाखू नये.