श्वास पुरविणारे हात

मोठ्या रुग्णालयातील बाल अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या आईवडिलांना भेटण्याचा प्रसंग धर्मगुरूंवर वारंवार येतो. दाराआड नळ्यांत आणि तारांत गुरफटलेले लेकरू असते आणि बाहेर दबक्या आवाजात एकच प्रश्न विचारला जातो : 'फादर, यंत्र काढायला आम्ही होकार दिला, तर ते पाप होईल का?' हा प्रश्न आमच्या आजोबा-पणजोबांना कधी पडला नव्हता. तो कोठे जन्मला आणि ख्रिस्तसभेने त्याला काय उत्तर दिले, याचा इतिहास आमच्या कुटुंबांना फारसा ठाऊक नसतो. तो सांगावा, म्हणून हा लेखप्रपंच.

इ. स. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ उद्भवली. साथीच्या रोगांसाठी असलेल्या ब्लेगडॅम रुग्णालयात ऐन भरात दिवसाला पन्नासपर्यंत रुग्ण दाखल होऊ लागले. त्यांत मुलांचा भरणा मोठा होता. कित्येकांचे घशाचे आणि श्वसनाचे स्नायू लुळे पडत. त्यांना जगविण्यासाठी रुग्णालयापाशी होते एक 'लोखंडी फुप्फुस' आणि छातीला कवचासारखी बांधावयाची सहा यंत्रे. पहिल्या तीन आठवड्यांत या यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. मुख्य वैद्य प्राध्यापक लासेन हतबल झाले होते. त्यांचे सहकारी डॉ. ब्यर्नेबू यांनी सुचविले, की ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

त्या काळी भूलतज्ज्ञाचे स्थान शस्त्रक्रियागृहात. शल्यविशारद पोट किंवा छाती उघडीत असताना रुग्णाचा श्वास सांभाळणे, एवढेच त्याचे काम मानले जाई. साथीच्या रुग्णांच्या खाटेशी त्याला बोलाविण्याचा रिवाज नव्हता. इब्सेन यांनी २५ ऑगस्ट रोजी रुग्णांचे अहवाल पाहिले. मरणापूर्वी रुग्णांच्या रक्तात क्षाराचे प्रमाण वाढते, हा या रोगाचाच एक गूढ परिणाम असावा, असा इतरांचा समज होता. इब्सेन यांनी वेगळेच निदान केले : रुग्णाला श्वास पुरत नाही, त्यामुळे कार्बन डायॉक्साइड शरीरातच साठून राहतो आणि तोच त्याचा जीव घेतो. म्हणजे मुले मरत होती ती केवळ पोलिओने नव्हे, तर श्वास अपुरा पडल्याने. आणि अपुरा श्वास पुरविण्याची विद्या शस्त्रक्रियागृहात रोज वापरली जात होती.

दोनच दिवसांनी, २७ ऑगस्टला, बारा वर्षांच्या एका मुलीवर हा प्रयोग झाला. तिचे हातपाय लुळे पडले होते आणि ती स्वतःच्याच लाळेत गुदमरत होती. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसविली, तरी तिच्या धडपडीमुळे फुप्फुसांत हवा जाईना. आता ही वाचत नाही, असे समजून पाहणारे एकेक करून निघून गेले. इब्सेन यांनी तिला भुलीचे औषध दिले. तिची धडपड थांबली, स्वतःचा श्वासही थांबला, आणि मग रबरी पिशवी दाबून तिला श्वास देणे शक्य झाले. थोड्याच वेळात तिची कांती पुन्हा गुलाबी दिसू लागली. याईराच्या कन्येचे वयही बारा वर्षांचेच होते, हे शुभवर्तमानाच्या वाचकांना सांगावयास नको. कोपनहेगनची ही मुलगी पुढे १९७१ पर्यंत जगली.

परंतु एका मुलीला श्वास देणे वेगळे आणि शेकडो रुग्णांना देणे वेगळे. तेवढी यंत्रे कोठेच नव्हती. तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना हाक देण्यात आली. सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्यापाळ्यांनी आले. खाटेच्या उशाशी बसायचे आणि रबरी पिशवी दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे. एका वेळी सत्तरपर्यंत रुग्ण अशा रीतीने इतरांच्या हातांवर जगत होते. विद्यार्थी मुलांना गोष्टी वाचून दाखवीत, त्यांच्याशी खेळत. ज्याला आपण श्वास देत होतो तो आपल्या डोळ्यांदेखत गेला, हा अनुभवही त्या तरुणांच्या वाट्यास आला. साथ ओसरेपर्यंत त्यांनी एकूण सुमारे १,६५,००० तास हे काम केले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले.

डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेन यांनी कोपनहेगनच्या नगर रुग्णालयात अत्यवस्थ रुग्णांसाठी वेगळा विभाग सुरू केला. जगातील पहिला अतिदक्षता विभाग म्हणून तो ओळखला जातो. मुलांसाठी असा विभाग १९५५ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे आणि १९६७ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे निघाला. विद्यार्थ्यांच्या हातांची जागा यंत्रांनी घेतली. तान्ह्या बालकांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करून नंतरचे कठीण दिवस त्यांना तारून नेणे शक्य झाले, ते या विभागांच्या आधारानेच.

मात्र यंत्राला थकवा ठाऊक नसतो. ज्याच्या बरे होण्याची आशा सरली आहे, त्याचाही श्वास ते चालू ठेवते. मग ते केव्हा थांबवावे? हा प्रश्न ऑस्ट्रियातील इन्सब्रुकचे भूलतज्ज्ञ डॉ. ब्रूनो हाइड यांना छळू लागला आणि त्यांनी तो थेट पोपमहोदयांपुढे ठेवला. कोपनहेगनच्या साथीला तेव्हा पुरती पाच वर्षे झाली होती.

पोप पायस बारावे यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे भाषण करून त्याचे उत्तर दिले. प्राण आणि आरोग्य जपणे हे मनुष्याचे कर्तव्य आहे. परंतु ते साधारण उपायांपुरते बंधनकारक आहे. साधारण म्हणजे, व्यक्ती, स्थळ, काळ आणि परिस्थिती पाहता, जे स्वतःवर किंवा इतरांवर असाधारण भार टाकीत नाहीत, असे उपाय. त्यापलीकडचे उपाय करण्यास मुभा आहे, सक्ती नाही. रुग्णाच्या संमतीवाचून वैद्याला वेगळा अधिकार नाही. उपचार कुटुंबाला सदसद्विवेकाने पेलणार नाही असा भार ठरत असेल, तर तो थांबवावा अशी मागणी कुटुंब करू शकते आणि ती मान्य करणे वैद्याला अनुचित नाही. मृत्यूची नेमकी घटका कोणती, हे ठरविणे वैद्यकाचे काम आहे, असेही त्यांनी सांगितले.

हीच शिकवण पुढे अधिक स्पष्ट झाली. १९८० साली परमपीठाने काढलेल्या घोषणेत 'साधारण' आणि 'असाधारण' यांच्या जोडीला प्रमाणाची भाषा आली : अपेक्षित लाभ आणि पडणारा भार यांचे प्रमाण पाहावे. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाने ती स्वीकारली. नोव्हेंबर २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पायस बारावे यांच्या त्या भाषणाचे स्मरण करून तिचा पुनरुच्चार केला. जीव घेण्याच्या हेतूने केलेली कृती ख्रिस्तसभेने कधीही मान्य केलेली नाही. व्यर्थ झालेला उपचार थांबविणे आणि प्राण हरण करणे, यांतील भेद तिने सतत जपला आहे.

परंतु एखाद्या उपचाराचा लाभ किती, हे कळावे कसे? येथे केवळ कळवळा पुरत नाही. त्याला संशोधनाची जोड लागते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन पाहा. कडक ताप आणि मंदावलेला रक्तप्रवाह अशा अवस्थेतील मुलांना शिरेतून झपाट्याने सलाईन द्यावे, हे त्या वेळी जगभर सर्वमान्य होते. डॉ. कॅथरीन मेटलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युगांडा, केनिया आणि टांझानिया या देशांतील ३,१४१ मुलांत ते पारखून पाहिले. झपाट्याने द्रव दिलेल्या मुलांपैकी सुमारे १०.५ टक्के ४८ तासांत दगावली. न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. जे जीवदान समजून दिले जात होते, तेच त्या ठिकाणी घातक ठरले.

दुसरे उदाहरण न्यूमोनियाचे. ढाका येथील डॉ. चिश्ती यांनी शॅम्पूच्या बाटलीत पाणी भरून, त्यात नळी बुडवून, बुडबुड्यांच्या दाबाने मुलांची फुप्फुसे उघडी ठेवण्याची स्वस्त युक्ती वापरली. २०१५ मध्ये त्यांनी दाखविले, की नेहमीच्या प्राणवायूवरील मुलांपैकी १५ टक्के दगावली असता या उपायाने हे प्रमाण ४ टक्क्यांवर आले. पण मलावी देशातील एका जिल्हा रुग्णालयात, जेथे वैद्यांची रोजची देखरेख नव्हती, तेथे २०१९ च्या अहवालानुसार बुडबुड्यांच्या दाबावरील १७ टक्के आणि साध्या प्राणवायूवरील ११ टक्के मुले मरण पावली. व्यक्ती, स्थळ, काळ आणि परिस्थिती हे पायस बारावे यांचे शब्द किती दूरदृष्टीचे होते, हे यावरून उमगते.

आता बाकावरच्या त्या आईवडिलांकडे वळू. त्यांना आम्ही सांगतो, की डॉक्टरांना नि:संकोचपणे विचारा : या उपचाराने आमचे लेकरू बरे होण्याची आशा आहे काय? आशा असेल, तर पैशाची अडचण मनात दाबून ठेवू नका. धर्मग्रामाला सांगा, कोपनहेगनला पिशवी दाबणारे हात एकाच घरचे नव्हते. आशा सरली असेल, तर यंत्र दूर करण्यास संमती देणे हे पाप नव्हे. आपल्या देशातही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयाने ठरावीक पद्धतीने यास वाट मोकळी केली आहे. यंत्र थांबले, तरी शुश्रूषा थांबत नाही. वेदना शमविणे, ओठ ओले करणे, लेकराला मांडीवर घेणे आणि प्रार्थना करणे, हे सर्व अखेरपर्यंत करावयाचे असते.

कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी सगळ्यांना वाचविले नाही. पण ज्यांना वाचविता आले नाही, त्यांच्याही उशाशी ते बसून होते. आमच्या मते, कोणत्याही आईवडिलांकडून देवाला याहून अधिक काही नको आहे.