तळटीप १२ : ब्लँक व्हर्स
१२. ब्लँक व्हर्स : यमक नसलेले, पण लय काटेकोर पाळणारे इंग्रजी पद्य, मुक्तछंद नव्हे. ओळीत साधारणपणे दहा अक्षरे, आघात दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या अशा सम अक्षरांवर. आपल्या वृत्तांत लघु-गुरू मोजतात, इंग्रजीत उच्चारातला जोर. अर्ल ऑफ सरे हेन्री हॉवर्ड (मृत्यू १५४७) याने व्हर्जिलच्या ‘ईनिड’चा काही भाग इंग्रजीत आणताना ही रचना प्रथम वापरली, मार्लो-शेक्सपिअरांनी ती रंगभूमीवर रुळवली. येथे रोख मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’वर (१६६७) आहे. त्यातली वाक्ये ओळ संपली तरी थांबत नाहीत, पुढच्या कित्येक ओळींत वाहत जातात. यमकाने हा भव्य ओघ ठिकठिकाणी अडला असता.