डेंटल हायजिनिस्ट व्यवसायाचा उदय : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

विसाव्या शतकाच्या प्रारंभी दंतवैद्यकाचा भर प्रामुख्याने किडलेले दात काढण्यावर व भरण्यावर होता. रोग होऊच नये, यासाठी स्वतंत्र प्रशिक्षित कर्मचारी असावा, हा विचार अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथील दंतवैद्य डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी कृतीत आणला. १९०६ मध्ये त्यांनी आपल्या सहायिका आयरिन न्यूमन यांना दातांवरील कीटण काढण्याचे शिक्षण दिले. १९१३ मध्ये त्यांनी अभ्यासक्रम सुरू केला. १९१४ मध्ये त्यातून २७ स्त्रिया उत्तीर्ण झाल्या. त्यांच्यापैकी अनेकींनी शहरातील शाळांमध्ये मुलांचे दात स्वच्छ केले आणि दात घासण्याची योग्य पद्धत शिकविली.

या कार्यामुळे स्त्रियांना प्रतिष्ठित व्यवसाय लाभला. मात्र त्याच्या सीमाही तेव्हाच आखल्या गेल्या. कनेटिकटच्या १९१५ च्या कायद्याने त्यांना दात स्वच्छ करण्याची मुभा दिली. परंतु अन्य उपचारांस मनाई करून त्यांना दंतवैद्याच्या देखरेखीखाली ठेवले. १९१७ मध्ये न्यूमन यांना परवाना मिळाला, तर १९२३ मध्ये हायजिनिस्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. भारतात दंतवैद्य अधिनियम, १९४८ ने दंतवैद्यांसोबत डेंटल हायजिनिस्टांच्याही नोंदणीची तरतूद केली.

सारांश, या व्यवसायाने उपचाराइतकेच प्रतिबंधालाही महत्त्व मिळवून दिले. परंतु ज्ञान देऊनही अधिकार मर्यादित ठेवण्याचा त्यातील अंतर्विरोध त्याच्या जन्मापासूनचाच आहे, हे लक्षात घेणे आवश्यक ठरते.